सुताची रेघ

१

ठशाच्या खालच्या कडेपासून चार मिलिमीटर वर, अंगठ्याच्या रेषांना आडवी छेदून जाणारी एक पांढरी रेघ होती. रुंदी एक मिलिमीटरहून थोडी कमी. तिच्या लगत वर तशीच दुसरी, पण फिकट. भिंगाखाली पाहिलं तर रेघांच्या कडा सरळ नव्हत्या. ठरावीक अंतरावर बारीक, तिरके दाते होते. पीळ दिलेल्या सुताचे असतात तसे.

मी पुन्हा मोजलं. आकडा तोच आला.

"प्रेमाताई, अंगठा म्हातारीचाच ना? एवढंच सांगा. बाकीचं मी बघतो," भगीरथ वकील म्हणाले.

त्यांचं ऑफिस शहापूरला, एका खोलीचं. मी एकतीस वर्षं सरकारी नोकरीत बोटांचे ठसे तपासले. निवृत्त होऊन इथे राहायला आल्यापासून ते अधूनमधून मला कागद दाखवतात. आजचा कागद मृत्युपत्राचा होता. शेणव्याजवळच्या एका पाड्यावरच्या पारूबाई नथू विशे यांनी आपलं घर आणि विहिरीचं शेत मुलीला, संजीवनीला दिलं होतं. तारीख ७ जानेवारी २०२३. खाली दोन साक्षीदारांच्या सह्या आणि पारूबाईंचा डावा अंगठा. त्याच वर्षी नोव्हेंबरात पारूबाई वारल्या आणि तेराव्याला हा कागद त्यांच्या पेटीत निघाला. एकुलता मुलगा रविंद्र याने तो खोटा असल्याची हरकत घेतली होती. गुरुवारी मंडळ अधिकाऱ्यांपुढे सुनावणी होती. आज सोमवार.

तेवढ्यात रविंद्रच दारात उभा राहिला. पन्नाशीचा, बारीक, शर्टाची वरची गुंडीही लावलेला.

"साहेब, हरकतीची नक्कल. तुमाला द्यायची म्हणाले."

"बहिणीशी भांडायला बहिणीच्याच वकिलाकडे आलास. चहा तरी घेऊन जा."

"नको." त्याची नजर टेबलावरच्या मृत्युपत्रावर गेली आणि लगेच खिडकीकडे वळली.

नक्कल आत घालायला वकिलांनी फाईलचा दोरा ओढला, तो तुटला. ते दुसरा शोधू लागले. रविंद्रने पुढे होऊन दोन्ही टोकं उचलली, बोटं एकदा हलली, दोरा सांधला गेला. तो खिडकीबाहेरच बघत होता. मग "येतो" म्हणून निघाला.

"अंगठा पारूबाईंचाच आहे," तो गेल्यावर मी म्हटलं. "२००९च्या खरेदीखतावरच्या ठशाशी चौदा खुणा जुळतात."

"मग झालं की."

"नाही. हा ठसा घेतला तेव्हा त्या जिवंत नव्हत्या."

२

माणूस गेलं की इकडे हाताचे दोन्ही अंगठे एकमेकांना बांधतात, पायाचेही बांधतात. कच्च्या सुताने. वकिलांना हे सांगावं लागलं नाही. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"जिवंत माणसाच्या अंगठ्याला पण दोरा बांधला जाऊ शकतो," ते म्हणाले.

"हो. म्हणून उद्या सांगते."

घरी जाऊन मी माझ्या डाव्या अंगठ्याला सुताचे दोन वेढे घट्ट बांधले आणि तासभर ठेवले. सोडल्यावर दर पाच मिनिटांनी ठसा घेतला. तिसऱ्या ठशात रेघ अर्धवट होती, चौथ्यात नव्हती. जिवंत कातडीखाली रक्त फिरतं, ती दबलेली जागा भरून काढते. पारूबाईंच्या ठशातल्या रेघा काठोकाठ धारदार होत्या. पुरावा म्हणून हे पुरेसं नव्हतं. शंका म्हणून पुरेसं होतं.

"तुम्ही माझ्या अशिलालाच बुडवलंत," दुसऱ्या दिवशी वकील म्हणाले. नेहमीसारखं हसले नाहीत. "कागद नसता तरी वारस म्हणून अर्धा हिस्सा संजीवनीला मिळालाच असता. पण मेलेल्या आईचा अंगठा उठवला म्हटल्यावर पोलीस कुणाकडे जातील? कागद तिच्या नावाचा, पेटी तिच्या घरातली, मयताजवळ ती एकटी."

"ती खोटं बोलणारी वाटत नाही."

"वाटण्याचा ठसा घेता येत नाही, ताई."

ते खरं होतं. मी त्यांच्याकडे गुरुवारपर्यंतचा वेळ मागितला आणि शेणव्याची एसटी धरली.

संजीवनी खळ्यात पेंढा रचत होती. पंचेचाळीसची असेल. लग्नानंतर सहा वर्षांत नवरा गेला, तेव्हापासून ती आईकडेच होती. एकोणीस वर्षं. शेत तिनेच कसलं, आईचं शेवटचं दुखणंही तिनेच काढलं.

"बसा बाई. पाणी आणते." तिने हात पदराला पुसले. "अंगठ्याचं काय झालं? आईचाच हाय ना?"

"तिचाच आहे. तिने तो दिलेला तुम्ही पाहिलात?"

"नाय. ती तवा म्हशाला मामाकडं गेलेली, जत्रंला. तिकडंच मुरबाडला कागद लिवून घेतला. आल्यावर पेटीत ठेवला. बोलली नाय माझ्याशी. तेराव्याला पेटी उघडली, तवा मला कळलं माझं नाव हाय."

"पेटी बघू?"

पत्र्याची पेटी. रेशन कार्ड, नथूंचा एक फोटो, दोन लुगडी आणि तळाशी शाईचा छोटा पॅड. मी तो उघडून बोट टेकवलं. जांभळी शाई अजून दमट होती.

"हा नवा घेतला होता?"

"कागदाबरोबरच आणलेला. दर बाजाराच्या दिवशी त्याच्यात दोन थेंब पाणी टाकायची. सुकू द्यायची नाय."

"कधीपर्यंत?"

"शेवटपर्यंत. हात उचलंना तवा मला सांगायची. टाक गो पाणी. मी म्हणायची, कशाला? म्हणायची, लागंल." ती पॅडकडे बघत राहिली. "मी अजून टाकते. का, ते नाय माहीत."

जानेवारीत ज्या बाईने अंगठा दिला, तिला नोव्हेंबरपर्यंत पॅड ओला ठेवायचं कारण नव्हतं.

"तुमचा भाऊ शेवटचा कधी आला होता?"

"दादा? गणपतीला. मंग एकदम त्या दिवशी, आई गेल्यावर. भिवंडीला मागावर असतो. तीस वर्षं झाली." तिने पेटी बंद केली. "दादा वाईट नाय, बाई. त्याला फक्त बोलता येत नाय. वहिनी बोलते, पोरगा बोलतो. हा सही करतो."

"आईचे अंगठे कुणी बांधले होते?"

तिने माझ्याकडे पाहिलं. कुठल्या वकिलाच्या माणसाने तिला हे विचारलं नसणार.

"गंगी आत्यानं," ती म्हणाली. "पण ती लेकीकडं गेलीय, उद्या येईल. का वो?"

३

बुधवारी सकाळी मी आधी म्हशाला गेले. शेणव्याहून किन्हवली, सरळगाव, मुरबाड आणि तिथून जीप. पारूबाईंचे धाकटे भाऊ गोमा गोठ्यापुढे दावं वळत बसले होते. जिवंत साक्षीदार ते एकटेच. दुसरे, जुने पोलीस पाटील सावळाराम, सहीनंतरच्याच उन्हाळ्यात वारले होते.

"ठसेवाल्या बाई तुमी? बसा. माझा अंगठा नका घेऊ, मी सही करतो. चौथी पास हाय."

"तीच विचारायला आले. सही कधी केलीत?"

"जत्रंच्या दुसऱ्या दिवशी. मुरबाडला लिवणाऱ्याकडं गेलो. त्यानं टाइप केलं, वाचून दाखवलं. आक्का म्हणाली, बरोबर हाय. मी सही केली, सावळारामनं केली. मंग आमी दोघं बैलं बघाया गेलो. त्या साली घाटावरून खिलारी लय आलेली. एक जोडी होती, काय सांगू."

"आणि आक्का?"

"ती चहाच्या टपरीवर बसली, कागद मांडीवर घेऊन."

"म्हणजे तिचा अंगठा?"

त्यांनी दाव्याचा पीळ उलटा सोडला, पुन्हा घातला.

"मामा, तुम्ही लिहून दिलंय की तिने तुमच्यासमोर अंगठा दिला."

"लिवणारा म्हणाला, आजी, अंगठा टेका." त्यांचा आवाज खाली आला. "आक्का म्हणाली, आता नाय. रवी आल्यावर देईन. त्याच्यासमोर देईन. पोराच्या पाठीमागं करायचं नाय मला. सावळाराम हसला. म्हणाला, म्हातारे, मरशील वाट बघून. तिनं वाटंत शाईचा पॅड घेतला. घरीच देते, म्हणाली."

"मग तेराव्याला कागदावर अंगठा दिसला तेव्हा?"

"वाटलं, दिला असंल नंतर. बरं वाटलं. रवी आला असंल, बसला असंल समोर." त्यांनी डोळे पुसले नाहीत, ते नुसते वाहू दिले. "खोटं लिवलं मी. पण आक्काच्या मनात तेच होतं. कागदातला शब्द न् शब्द तिचा हाय."

शब्द खरा, सह्या खऱ्या, अंगठाही खरा. फक्त अंगठा देणारी तेव्हा नव्हती.

"हे उद्या अधिकाऱ्यांपुढे सांगाल?"

"सांगीन," ते म्हणाले, आणि थोड्या वेळाने, "कुणी उठवला तो? संजू?"

मी परतीची जीप धरली.

४

गंगी आत्या दुपारी परतल्या होत्या. पाड्यावर कुणी गेलं की त्यांनाच बोलावतात. त्या नाचणी निवडत होत्या आणि माझ्याशी बोलताना हात थांबला नाही.

"उजाडताना गेली पारू. संजू नुसती बसली होती, दगडासारखी. मी डोळं मिटवलं, अंगठं बांधलं. रवीची वाट बघत ठेवलं, तो आला बारा वाजता."

"सूत कसं बांधलंत?"

"दोन वेढं आणि गाठ. माझी गाठ बोराएवढी असते, पोरी हसतात. पण सुटत नाय."

दोन वेढे. दोन रेघा.

"नंतर मयताजवळ एकटं कोण होतं?"

"एकटं कोण असतं वो? बाया भरलेल्या. संजूला तर मी आंघोळीला उठवलं, ती शेजारच्या सावळीच्या घरी गेली ती उचलायच्या टायमालाच आली. हां, रवी आला तवा म्हणाला, आत्या, जरा आईजवळ बसू द्या. आमी सगळ्या ओटीवर आलो. पोरगा हाय. बसला असंल पंधरा मिनटं. आत आवाज नाय काय नाय."

"परत आत गेल्यावर काही वेगळं दिसलं?"

आत्यांचा हात थांबला.

"बाई, हे मी कुणाला बोलली नाय. डाव्या अंगठ्याचं नख निळं पडलेलं. बाकीची नाय, एकच. मी म्हटलं, सूत घट्ट झालं असंल. म्हणून सूत बघितलं. माझी बोराएवढी गाठ होती तिथंच होती. पण दुसऱ्या अंगाला सूत तुटून परत जोडलेलं. तिथं गाठ होती, मुंगीएवढी. बोट फिरवलं म्हणून लागली, डोळ्याला दिसलीच नसती. अशी गाठ आमच्यात कोण मारतं? मला तर चाळीस वर्षांत नाय जमली."

मी संध्याकाळच्या एसटीने शहापूरला आले आणि वकिलांकडून ती फाईल मागून घेतली. दोरा टेबलावर ताणला. तुटलेल्या जागी गाठ होती. भिंगातून पाहिली. दोन्ही टोकं एकाच बाजूला दुमडलेली, गाठ दोऱ्याहून जेमतेम दुप्पट जाड. यंत्रमागावर धागा तुटला की माग थांबायच्या आत तो असा जोडावा लागतो, नाहीतर गाठ फणीत अडकते. तीस वर्षं हे केलेली बोटं विचारायला थांबत नाहीत. कुठेही तुटलेलं सूत दिसलं की जोडतात.

"पण ताई, तो तर हरकत घेणारा," वकील म्हणाले. "स्वतःच कागद बनवायचा आणि स्वतःच खोटा म्हणायचं? आणि बनवला तोही बहिणीच्या नावाचा?"

"कागद त्याने बनवला नाही. अंगठा तेवढा उठवला."

"का?"

ते भिंगात दिसत नव्हतं.

रात्री वकिलांनी संजीवनीला फोन केला आणि मामा काय सांगणार आहेत तेवढंच सांगितलं. साक्षीदारांसमोर अंगठा झालेला नसेल तर मृत्युपत्र टिकत नाही. ती म्हणाली, "मंग नको तो कागद. आईनं दिला नसंल तर नको."

५

गुरुवारी रविंद्र मंडळ अधिकाऱ्यांच्या कार्यालयाबाहेर बाकावर एकटा बसला होता. त्याची बायको माधुरी झेरॉक्स काढायला गेली होती. मी त्याच्या शेजारी बसले आणि फाईलचा दोरा पिशवीतून काढून बाकावर ठेवला.

"ही गाठ तुमची आहे. सोमवारी मारलीत."

त्याने पाहिलं.

"गंगी आत्यांना अशीच गाठ पारूबाईंच्या अंगठ्यांवर सापडली होती."

आतून टाइपिंगचा आवाज येत होता.

"आत्याची गाठ सुटत नव्हती," तो म्हणाला. "म्हणून तोडलं. परत बांधल्याबिगर कसं ठेवणार? आई होती."

"कागद कुठे आहे ते तुम्हाला माहीत होतं."

"गणपतीला दाखवला तिनं. म्हणाली, बस समोर, अंगठा देते. मी म्हटलं, दिवाळीला बघू. ती म्हणाली, बरं. पॅडवर पाणी टाकलं आणि झाकण लावलं." त्याने दोरा उचलला आणि बोटाला गुंडाळू लागला. "दिवाळीला सुट्टी होती. कारखान्याला कुलूप होतं चार दिवस. मी भिवंडीतच राहिलो, खोलीत झोपून. गेलो असतो तर बसायला लागलं असतं. घरी येऊन माधुरीला सांगायला लागलं असतं की आईनं माझ्यासमोर दिलं नि मी गप बसलो."

"आणि ती गेल्यावर?"

"हात गार होता. पॅड ओला होता, बाई. दहा महिने झालेले, तरी ओला होता. मी म्हटलं, तिचं तरी पुरं होऊ दे. आईनं केलं म्हटल्यावर कोण बोलणार? तेल लावून अंगठा पुसला. नखाची शाई निघाली नाय."

"मग हरकत का घेतलीत?"

"घरात पेटलं. पोरगा सूरज म्हणाला, आजीनं आपल्याला फसवलं. ही म्हणाली, संजूनं करून घेतलं. अर्ज लिवून आणला, सही करा म्हणाले. मीच केलंय, एवढं बोलायचं होतं. नाय बोललो. सही केली."

माझा अहवाल पिशवीत होता. मी त्याला ते सांगितलं. तो वाचला गेला तर पहिला संशय संजीवनीवर येईल, हेही सांगितलं. आणि वकिलांनी कागद मागे घ्यायचं ठरवलंय, त्यामुळे तो वाचावा लागणार नाही, हेही.

"मग निम्मं निम्मं होईल," तो म्हणाला. "विहीर माझ्या वाट्याला येईल. माधुरीच्या भावानं तिथं बंगला बांधणारं गिऱ्हाईक बघून ठेवलंय."

"तुमचा हिस्सा तुम्ही सोडू शकता. तेव्हाही सोडू शकत होतात. त्याला आईचा अंगठा लागत नाही, तुमची सही लागते."

"बहीण सोडते, बाई. भावानं सोडलेला ऐकलाय कुणी?"

"मी ऐकलेला नाही," मी खरं तेच सांगितलं. "पण कायदा एकच आहे."

माधुरी झेरॉक्स घेऊन आली. "काय बोलतायत या? त्यांच्याकडच्या ना?" तिने त्याला दंडाला धरून उठवलं. "चला. आणि आत गप बसा, मी बोलते."

दोरा त्याच्या मुठीतच राहिला.

६

अधिकाऱ्यांची खोली लहान होती. उभं राहिल्यावर सगळ्यांचे खांदे एकमेकांना लागत होते. भगीरथ वकिलांनी दोन वाक्यांत सांगितलं की साक्षीदारांसमोर अंगठा झालेला नाही, सबब अर्जदार हे मृत्युपत्र मागे घेत आहेत. गोमामामांनी मान खाली घालून दुजोरा दिला. मी पिशवी छातीशी धरून भिंतीला टेकले होते. एकतीस वर्षांत लिहिलेला अहवाल मी न देता परत नेला नव्हता.

संजीवनीने भावाकडे पाहिलं नाही. ती खिडकीच्या गजाकडे बघत होती.

"म्हणजे वाद मिटला," अधिकारी म्हणाले. "दोघे वारस, समान हिस्सा. नोंद तशी करतो."

"तेच तर आमी पहिल्यापासून म्हणत होतो, साहेब," माधुरी म्हणाली. "संजूताईंशी आमचं भांडण थोडंच हाय. त्यांची साडीचोळी कधी चुकली नाय, पुढंपण चुकणार नाय. फक्त विहिरीकडची बाजू आमाला द्या."

"ते वाटपाच्या वेळी बघा. इथे फक्त नावं लागतात." त्यांनी पेन उघडलं. "रविंद्र नथू विशे. हरकत तुमची होती. समान हिश्श्याला तुमची मान्यता आहे ना? हो म्हणा म्हणजे लिहितो."

रविंद्र उभा होता. मुठीतला दोरा त्याने दोन्ही हातांत ताणला होता आणि अंगठ्याने ती गाठ चाचपत होता. मंडळ अधिकाऱ्यांनी मान वर केली.

"हो म्हणा की वो," माधुरी हळू म्हणाली.

दोरा तुटला. या वेळी त्याने तो जोडला नाही.

"साहेब, निम्मं नको," तो म्हणाला. मग मोठ्याने पुन्हा म्हटलं. "निम्मं लिवू नका."

"मग काय लिहू?"

संजीवनीने खिडकीवरून नजर काढली आणि कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा भावाकडे पाहिलं.

"माझा सगळा हिस्सा बहिणीला सोडतो. घर, शेत, विहीर. हक्कसोडीचा कागद मी आजच करतो, सही मी करतो." त्याने तुटलेला दोरा टेबलाच्या कडेवर ठेवला. "हे आईनं सांगितलं म्हणून नाय. हे मी सांगतोय."